आधी चालतं, मग बंद

स्ट्रॅटोकॅस्टर गिटारवर लिहायचं ठरलं तेव्हा संपादकांना वादकांच्या गोष्टी हव्या होत्या. मला मात्र तिच्या पाठीवरचं प्लॅस्टिकचं झाकण उघडून आत पाहायचं होतं. त्या झाकणामागच्या, सगळ्या तारांचा सूर एकदम हलवणाऱ्या ट्रेमोलो नावाच्या यंत्रातून जिमी हेंड्रिक्सनं विमानं आणि बॉम्ब ऐकवले. एरिक क्लॅप्टननं तेच यंत्र लाकडाची पाचर मारून बंद करून टाकलं. दोन थोर वादकांची मतं इतकी टोकाची असतील, तर आधी यंत्र पाहावं.

मुंबईत जुन्या गिटारी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिरांच्या टेबलावर १९७०च्या दशकातली एक स्ट्रॅट पालथी पडली होती. मालकाची मागणी साधी होती : ट्रेमोलो बंद करून द्या. "बंद करू की," कारागीर म्हणाले, "पण आधी चालतं करतो. वाकडं असताना पाचर मारली तर वाकडेपणच पक्का होतो." हे ऐकलं आणि मी तिथेच स्टूल ओढून बसलो.

ही गिटार घडवणारे लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे, मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. स्ट्रॅटोकॅस्टरसाठी त्यांनी आधी केलेल्या ट्रेमोलोत तारा रोलरवरून जात. तो आवाजाला पातळ निघाला, सूर टिकेना. उत्पादनाची हत्यारं बनवून झालेली असतानाही तो आराखडा रद्द झाला. १९५४ साली बाजारात आला तो दुसरा आराखडा. त्याचं पेटंट १९५६ मध्ये मिळालं. ट्रेमोलोसह गिटारीची किंमत होती २४९.५० डॉलर, आणि ट्रेमोलो नको असणाऱ्यांसाठी तारा पेलणाऱ्या पक्क्या ब्रिजची २२९.५० डॉलर. म्हणजे न हलणारा ब्रिज पहिल्या दिवसापासून मिळत होता, तोही वीस डॉलर स्वस्त.

यंत्र असं आहे. ब्रिजची पोलादी पट्टी पुढच्या बाजूनं सहा स्क्रूंवर टेकलेली असते. पट्टीतल्या भोकांना खालून उतार दिलेला असतो, त्यामुळे ती स्क्रूला धारेवर टेकते. सोनाराच्या काट्याची दांडी जशी धारेवर तोललेली असते, तशी. पट्टीखाली जड ठोकळा लटकतो. जुन्या घडणीत तो पोलादाचा, पाव किलोहून थोडा जास्त भरणारा. पहिल्या आराखड्यात हरवलेलं वस्तुमान याच ठोकळ्यानं परत आणलं. तारा ठोकळ्यातून वर येतात आणि मानेकडे ओढतात. खालून तीन ते पाच स्प्रिंगा त्याच ठोकळ्याला उलट फिरवू पाहतात. १० ते ४६ हजारांश इंच जाडीच्या सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या, तर त्यांचा एकूण ताण ४५ किलोच्या आसपास जातो. ती ओढ स्प्रिंगांनी तोलायची. ब्रिजला जोडलेला आर्म, म्हणजे दांडा, दाबला की सगळ्या तारा एकदम उतरतात, सोडला की जागी येतात. किंवा यायला हव्यात.

मला या रचनेचं अपार कौतुक वाटतं. धातूचे इतके थोडे तुकडे आणि त्यातून माणसाच्या गळ्यासारखा हलणारा सूर. पण तोल सहा तारांचा मिळून असतो, हीच तिची अडचणही. एक तार ओढून चढवली की बाकीच्या किंचित उतरतात. एक तुटली की स्प्रिंगांची सरशी होते आणि उरलेल्या पाच चढतात. भर कार्यक्रमात हे झालं, की लोक पाचर शोधू लागतात.

जुळणीची रीत चिकाटीची आहे. ब्रिजची मागची कड लाकडापासून सुमारे ३ मिलिमीटर वर हवी. त्या उंचीवर ब्रिज थांबेल अशी तात्पुरती पाचर ठोकळा आणि शेपटीकडची भिंत यांच्यामध्ये ठेवायची, तारा सुरात लावायच्या, आणि मग स्प्रिंगांचा पंजा धरणारे दोन लांब स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जायचं. पाचर आपोआप सैल होऊन पडली की तोल साधला. हे न करता नुसते कान पिळत बसलं, तर पहिली तार लावेपर्यंत सहावी हललेली असते.

कायमची पाचर कुठे बसवायची, इथे बरेच जण चुकतात. आर्म दाबला की ठोकळा शेपटीकडे जातो, म्हणून सूर उतरणं थांबवायला शेपटीकडे लाकूड हवं. तार तुटल्यावर तो मानेकडे जातो, त्यासाठी दुसऱ्या बाजूला. दुसरा मार्ग म्हणजे स्प्रिंगा वाढवून ब्रिज लाकडावर घट्ट टेकवायचा, की मग मागे शेपटीकडची एकच पाचर पुरते. लाकूड शिसवीसारखं कठीण हवं आणि त्याच्या रेषा तारांच्या दिशेनं. लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत फारसं नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हा फरक कळतो. सरस मात्र लावायचा नाही. १९८०च्या दशकात फ्लॉइड रोझचे तारांना चिमट्यात धरणारे ब्रिज बसवण्यासाठी कितीतरी जुन्या स्ट्रॅटी कोरल्या गेल्या, ते लाकूड आता परत येणार नाही. पाचर निदान काढता येते.

खरा वेळ गेला तो पाचरीत नाही. टेबलावरच्या या गिटारीचा ठोकळा ओतीव होता. सत्तरच्या दशकात फेंडर कंपनीनं पट्टी आणि ठोकळा एकत्र ओतायला सुरुवात केली होती. टेकण्याची धार दोन ठिकाणी खचली होती, त्यामुळे ब्रिज दर वेळी वेगळ्या जागी थांबे. तारांची उंची ठरवणारे बारीक स्क्रू घामानं गंजून बसले होते. त्यांना तेलाचा थेंब देऊन रात्रभर सोडावं लागतं, आणि किल्ली इंची मापाचीच लागते. मिलिमीटरची जवळपासची घातली की आतले कोपरे झिजतात आणि पुढे ड्रिल करण्यावाचून इलाज उरत नाही. मानेच्या टोकावरच्या नटाच्या खाचांत तारा अडकत होत्या, तिथे पेन्सिलीचं शिसं घासलं.

सर्वात वाईट अवस्था सहा स्क्रूंच्या भोकांची होती. वर्षानुवर्षांच्या ओढीनं ती मानेच्या दिशेनं लांबट झाली होती आणि पहिल्या भोकापासून एक केसासारखी चीर निघाली होती. आवळून ती मिटत नाही, वाढते. पाचर मारली तरी तारांचा ताण तिथेच येणार. भोकं मोठी करून कठीण लाकडाच्या खुंट्या चिकटवायच्या आणि त्यांत पुन्हा एका रेषेत भोकं पाडायची, एवढंच हातात होतं. एक भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी पट्टी तिरपी बसते. कारागिरांनी मालकाला फोन लावला आणि सांगितलं, की पाचरीला आणखी दोन आठवडे लागतील.