इंग्रजी लेखनातील मराठी वळणे

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि राज्याच्या कारभारात मराठीला तिचे रास्त स्थान मिळाले. तथापि इंग्रजीत लिहिण्याचे प्रसंग त्यामुळे संपले नाहीत. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. परराज्यांशी होणारा पत्रव्यवहार आणि वित्तसंस्थांना पाठवावयाचे प्रकल्प अहवालही पुष्कळदा इंग्रजीत असतात. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते. अशा वेळी इंग्रजी वाचता येते, समजते, परंतु लिहावयास बसले की लेखणी अडखळते, अशा सुशिक्षितांची अडचण विचारात घेण्यासारखी आहे.

ही अडचण बहुधा शब्दसंग्रहाची नसते. मराठी वाक्याचे वळण नकळत इंग्रजीत उतरते, हे तिचे मूळ होय. ‘पर्यंत’ हा साधा शब्द घ्या. ‘अर्ज ३१ मार्चपर्यंत स्वीकारले जातील’ आणि ‘काम ३१ मार्चपर्यंत पूर्ण करावे’ ही दोन्ही वाक्ये मराठीत निर्दोष आहेत. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्यात ‘टिल’ हवा, कारण स्वीकारण्याची क्रिया त्या दिवसापर्यंत चालू राहते. दुसऱ्यात ‘बाय’ हवा, कारण तेथे क्रिया फार तर त्या दिवशी संपलीच पाहिजे. करारनाम्यात यांची अदलाबदल झाल्यास मुदतीवरून वाद घालण्यास कंत्राटदाराला आयतेच निमित्त मिळते.

‘पासून’ची कथाही अशीच आहे. ‘मी दोन वर्षांपासून येथे काम करीत आहे’ हे वाक्य मराठीत वर्तमानकाळी असल्याने आपण ‘आय अॅम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असे लिहून मोकळे होतो. इंग्रजीला तेथे ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’ अशी रचना लागते. कालावधी सांगावयाचा तर ‘फॉर’ आणि आरंभ सांगावयाचा तर ‘सिन्स’. याउलट ‘ती विहीर मी कालच पाहिली आहे’ हे आपल्या कानाला खटकत नाही. परंतु इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आला की ‘हॅव सीन’ला तेथे थारा नाही, ‘सॉ’ हेच रूप हवे.

सर्वांत अवघड प्रकरण उपपदांचे, कारण मराठीत ती नाहीतच. टंचाईच्या अहवालात ‘फ्यू व्हिलेजेस हॅव वॉटर’ असे लिहिले तर पाणी जवळजवळ कोठेच नाही, असा अर्थ होतो. ‘अ फ्यू’ असे लिहिले तर काही गावांत पाणी आहे, असे वाचणारा समजतो. टँकरची मागणी करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. विद्यार्थ्याला ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांचे नियम पाठ असतात, पण त्यांनी अर्थ कसा फिरतो हे त्याला क्वचितच दाखविले जाते.

स्वल्पविरामही असाच अर्थ फिरवितो. ‘ज्या शेतकऱ्यांनी हिस्सा भरला, त्यांना पंप मिळाले’ असे म्हटले की न भरलेले वगळले गेले, हे ‘ज्या–त्या’ या जोडीने स्पष्ट होते. इंग्रजीत हे काम स्वल्पविरामाच्या अभावाने होते. ‘हू हॅड पेड’ या उपवाक्याच्या दोन्ही बाजूंस स्वल्पविराम दिले, तर सर्वच शेतकऱ्यांनी हिस्सा भरला होता आणि सर्वांनाच पंप मिळाले, असा अर्थ निघतो.

शुद्धतेनंतरचा टप्पा सुबोधतेचा. आपल्याकडील कचेरीची इंग्रजी ब्रिटिश अमदानीतून आली. तिच्यातील लांबण आपण निष्ठेने जपली आहे. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले व ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्र लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याच्या जागी बसून विचार करावा, हा त्याचा रोख. जेथे ‘बिफोर’ पुरतो तेथे ‘प्रायर टू’ कशाला, हा प्रश्न आपल्या टिपणीलेखकांनीही विचारावयास हरकत नाही.

अभ्यासाची एक जुनी रीत शिक्षकांनी अवश्य करून पाहावी. रॉजर अॅस्कम हे राणी एलिझाबेथ पहिली हिचे शिक्षक. १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द स्कूलमास्टर’ या ग्रंथात त्यांनी लॅटिन शिकण्यासाठी दुहेरी भाषांतर सुचविले. म्हणजे इंग्रजांची मुलेही एके काळी परभाषेपुढे अशीच अडखळत होती! चांगल्या इंग्रजीतील दहा-बारा ओळी निवडाव्यात, त्यांचे मराठी करावे, मूळ उतारा बाजूस ठेवावा. आठ दिवसांनी त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहून मुळाशी ताडून पाहावे. उपपद कोठे सुटले, ‘बाय’च्या जागी ‘टिल’ कोठे आला, हे शिक्षकाने न सांगताही दिसते. चुका वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवल्यास, महिन्याभरात त्याच त्या तीन-चार चुका पुनःपुन्हा आलेल्या आढळतील. पुढच्या महिन्याचे उतारे त्या चुका डोळ्यांसमोर ठेवूनच निवडावेत.