अलातचक्र आणि वैमानिकाची दृष्टि

पेटलेलें कोलीत अंधारांत गरगर फिरविलें असतां अग्नीचें अखंड वर्तुळ दिसतें. तें वर्तुळ कोलितांत नसतें. पाहणाराची दृष्टीच तें पुरें करते. मांडूक्यकारिकेंत गौडपादाचार्यांनीं हाच दृष्टांत योजिला असून तिच्या चौथ्या प्रकरणाचें 'अलातशांति' हें नांव त्यावरूनच पडलें आहे. हाच दृष्टिधर्म आज वैमानिकांच्या शिक्षणांत फार महत्त्वाचा ठरला आहे.

त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं वाटाण्याच्या वाढत्या रोपाचीं स्थिर छायाचित्रें क्रमाक्रमानें घेतलीं व तीं भराभर पडद्यावर दाखविलीं; तेव्हां अंकुर वाढतांना प्रत्यक्ष दिसला. पुढें बोलपटांत सेकंदास २४ चित्रें दाखविण्याची रीत पडली. परंतु तेवढ्यानें पडदा लुकलुकतो. म्हणून प्रत्येक चित्र दोनदां उजळवून ४८ झळकी करीत. लुकलुक गेली, पण नवीं चित्रें २४च राहिलीं. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

परभणीहून पूर्णेस जातांना आगगाडीच्या खिडकींतून रुळाकांठच्या खांबाकडे पाहूं लागलें, कीं डोळा त्याच्याबरोबर फिरतो. म्हणूनच खांब स्पष्ट दिसतो. वैमानिक ज्या 'सिम्युलेटर' यंत्रांत शिकतो, तेथील पडद्यावरच्या धांवपट्टीचे दिवे तो असेच पाहतो. मात्र पडद्यावरील चित्र क्षणभर एका जागीं थबकतें आणि डोळा तर पुढें सरकतच असतो. दिवा सेकंदास ३० अंश सरकत असेल व सेकंदास ६० नवीं चित्रें येत असतील, तर एका चित्राच्या अवधींत डोळा अर्धा अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीइतका, पुढें जातो. दिवा तितका फांसटलेला दिसतो. पडदा ६० वेळांच उजळला, पण संगणकानें नवीं चित्रें ३०च काढलीं, तर एका दिव्याचे दोन दिवे भासतात.

ही केवळ करमणुकीची बाब नव्हे. उत्तम सिम्युलेटरांत शिकलेला अनुभवी वैमानिक नव्या जातीचें खरें विमान प्रथम चालवितो, तें कित्येकदां प्रवासी घेऊनच. शेजारीं प्रशिक्षक असतो एवढेंच. चित्रांतील खोट डोळ्याच्या अंगवळणीं पडली, तर उंचीचा व वेगाचा अदमास चुकावयाचा. वेदांती अलातचक्रास मिथ्या म्हणून सोडून देईल; वैमानिकास त्यावरूनच विमान उतरविण्याचें शिकावें लागतें.

आपल्या घरींहि एखादा मुलगा संगणकावर विमान उडवीत असेल. त्यास पडदा सेकंदास किती वेळां उजळतो एवढेंच विचारूं नये. नवीं चित्रें किती येतात, हेंहि विचारावें.