सर्व्होचा हॉर्न : प्लास्टिकचा की धातूचा?

माझ्या दादाकडे रिमोटची गाडी आहे. तिची पुढची चाके वळवायला आत छोटी मोटार असते, तिला सर्व्हो म्हणतात. सर्व्होच्या दांड्यावर एक पट्टी बसवतात. तिचे नाव हॉर्न. पण हा हॉर्न वाजत नाही बरं का! तो सळईला ढकलतो नि चाके वळतात. पट्टीच्या भोकात बारीक दाते असतात, पुष्कळदा २५. दांड्यालाही तेवढेच हवेत, नाहीतर ती बसतच नाही.

मुलांना वाटते, धातूचा हॉर्नच भारी. पण आमच्या जेऊरला दगडगोटे फार. चाक दगडावर आदळले की हिसका सळईतून हॉर्नला येतो. प्लास्टिकचा हॉर्न वाकतो, फार तर त्याचे दाते जातात. नवा घातला की झाले. ॲल्युमिनियमचा वाकत नाही. मग हिसका सर्व्होच्या आतल्या चक्रांना बसतो. ती प्लास्टिकची असली तर मोडतात. आईच्या मिक्सरचे भांडे अडकले की खालचा कपलर जातो नि मोटार वाचते, तसेच हे.

आतली चक्रे धातूची नि गाडी जड असेल, तर धातूचा हॉर्न बरा. चाके नेमकी वळतात. दादाच्या सर्व्होत चक्रे प्लास्टिकची आहेत. म्हणून त्याने हॉर्नही प्लास्टिकचाच ठेवला, आणि एक जास्तीचा डबीत.