अंकीय मजकूर आणि संकेताचा लोप

कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखाचा दगड झिजला वा फुटला, तरी उरलेली अक्षरे लिपिज्ञास वाचता येतात; त्यासाठी यंत्र लागत नाही. संगणकात साठविलेल्या मजकुराची गोष्ट निराळी आहे. तेथे अक्षरे नसून अंक असतात, आणि कोणता अंक कोणत्या अक्षराचा हा संकेत त्या मजकुराच्या बाहेर राहतो. सीडी वा हार्ड डिस्क निकामी होण्याची चर्चा पुष्कळ होते. संकेत हरपण्याची फारशी होत नाही.

मराठीपुरती ही हानी घडूनही गेली आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तथापि त्यानंतरही बराच काळ मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटांत जुळविला जात असे. त्यांत रोमन अक्षरांच्या अंकांवर देवनागरीचे काने, वेलांट्या व अर्धी अक्षरे बसविलेली असत. फाँट नाहीसा झाला की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उरतात; आणि फाइलमधील एकही अंक बिघडलेला नसतो, हे विशेष.

रूपांतराची साधने आहेत. परंतु बोलींच्या संग्रहास ती पुरत नाहीत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा, उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा शेजार. तेथील उच्चारांचे लेखन प्रमाणलेखनाहून भिन्न असावयाचेच, त्यामुळे रूपांतरात पडलेली चूक शब्दकोशावरून पकडता येत नाही. ‘दर्या’च्या जागी ‘दऱ्या’ पडले तर वाचक संदर्भाने सावरून घेईल. बोलीतील अपरिचित शब्दात तो भेद सावरणार कोण?

युनिकोडनेही प्रश्न पुरता सुटत नाही. ‘दऱ्या’तील अर्धा र दोन रीतींनी नोंदविता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दुसरी रीत आवृत्ती २.० शी सुसंगती राखण्यासाठी मान्य आहे. डोळ्यास दोन्ही शब्द एकच दिसतात; साध्या यंत्रशोधास मात्र ते वेगळे वाटतात.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. म्हणजे त्याची पहिली वर्षे जुन्या फाँटांच्याच काळातील होत. त्या काळच्या बोलीविषयक फाइली जेथे उरल्या असतील, तेथे मूळ फाइल, फाँटची प्रत, संकेताचा तक्ता आणि कागदावरील छापील प्रत ही एकत्र ठेवावयास हवीत. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या प्रदेशाने सोसला, तेथे हा संच एकाच इमारतीत ठेवू नये, हे सांगणे नलगे. रूपांतर तपासावयाचे ते छापील प्रतीशी ताडून. आणि त्या बोलीचा कान असलेला संग्राहक हयात आहे तोवर.