टेकडीवरून सुधारलेला ओढा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात, हिमयुगातील बर्फाच्या रेट्यातून बचावल्यामुळे जेथे उभ्या टेकड्या आणि अरुंद दऱ्या आजही शाबूत आहेत, तेथून कून क्रीक हा ओढा मिसिसिपीला मिळतो. एकोणिसाव्या शतकात तेथे वसलेल्या शेतकऱ्यांनी उतार नांगरले, रानांत गुरे सोडली, आणि मग प्रत्येक मुसळधार पावसाबरोबर टेकडीची माती दरीत उतरून पात्र गाळाने भरले, काठ ढासळले व थंड, निर्मळ पाण्यावाचून न जगणारा ट्राउट मासा तेथे दुर्मीळ झाला.

1933 साली सरकारने पाणलोट क्षेत्राच्या मृदासंधारणाचा त्या देशातील पहिला प्रयोग येथेच आरंभिला. वन्यजीवांचे विख्यात अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांचे साहाय्य लाभलेल्या या कामाचे मर्म असे, की ज्याला आपल्याकडे ‘माथा ते पायथा’ म्हणतात त्याच क्रमाने ते झाले: शेतकऱ्यांशी करारमदार करून उतारावर समतल पट्ट्यांनी पिके घेतली, चढावरच्या रानांतून गुरे हटविली, आणि वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरून झऱ्यांवाटे गार होऊन ओढ्यात येऊ लागले. काठांना उतार देणे, दगड रचणे, माशांना दडण्यासाठी काठाखाली लाकडी आडोसे बसविणे ही कामे पुढच्या काळातली. तरीही निसर्गाने सवलत दिली नाही. 2018 च्या ऑगस्टमधील महापुरात या पाणलोटातील काही बंधारे फुटलेच.

मासे परतले, पण काठ खासगी मालकीचे. त्या राज्याच्या कायद्यान्वये सार्वजनिक पुलावरून ओढ्यात उतरून पाण्यातून चालण्यास कोणाचीही हरकत नाही, मात्र पाय कोरडा केला की अतिक्रमण! यावर सरकारने काढलेली तोड मला विशेष शहाणपणाची वाटते. जमीन संपादन न करता, राजीखुशीने तयार असलेल्या शेतकऱ्याला मोबदला देऊन काठालगतच्या पट्ट्यावर केवळ मासेमारीची वहिवाट कायमची खरेदी करावयाची. मालकी त्याचीच राहते, आणि जमीन विकली गेली तरी दफ्तरी नोंदलेला तो हक्क नव्या मालकावरही बंधनकारक असतो.

गळ टाकू इच्छिणाऱ्या प्रौढ इसमास परवान्याखेरीज ट्राउटचा स्वतंत्र स्टॅम्प घ्यावा लागतो, आणि त्याचे उत्पन्न अशाच ओढ्यांच्या दुरुस्तीवर खर्च होते. शौकावर बसविलेला याहून न्याय्य कर सापडणे कठीण.