शिंदीचे झाड आणि परभणीची काळी जमीन

मद्याचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळींस प्रथम द्राक्षाची आठवण होते. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात नदीकाठच्या गोटाड, निचऱ्याच्या जमिनीत जी तांबडी मदिरा निपजते, ती लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरते आणि चवीवरून तिचा मळा ओळखणारे रसिकही निघतात. परभणीच्या भूमीनेही एक पेय घडविले आहे. परंतु त्याच्या कपाळी असे रसिक नाहीत. सकाळी ते गोड, सायंकाळपर्यंत मादक आणि पुढे आंबट. मुरवावयास ठेवले तर हाती शिर्का येतो! हे पेय म्हणजे शिंदी.

परभणी जिल्ह्याची बहुतेक जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे. ही चिकण माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. ज्वारी व कापूस यांची ती माउली. पाणी साचलेले न सोसणाऱ्या द्राक्षवेलीला मात्र ती सावत्र आई होय. अशा सोन्यासारख्या शेतात शेतकरी शिंदीला उभी राहू देणार नाही, हे उघड आहे. म्हणून शिंदी वाढते ती जेथे नांगर पोचत नाही तेथे. गोदावरी, पूर्णा, दुधना आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे यांचे काठ, पाणथळ खळगे, खारवट पट्ट्या हे तिचे माहेर. पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबले तरी ती तग धरते, आणि वैशाखात ओढा कोरडा पडला तरी मरत नाही. खजुराचीच ती रानटी बहीण. फळ मात्र नावापुरते, बी मोठी आणि गर थोडा.

ताडाचा रस फुलोऱ्यातून निघतो, शिंदीचा खोडातून. पुष्कळांच्या ध्यानात हा भेद येत नाही. थंडी सुरू झाली की शिंदी काढणारा कमरेला दोर बांधून झाडावर चढतो, शेंड्याखालची एका अंगाची पाने छाटतो आणि कोयत्याने खोड तासून पन्हळीसारखी खाच करतो. खाचेखाली मडके टांगले की रात्रभर थेंबथेंब रस गळतो. काही रात्री रस घेतल्यावर झाडाला विसावा द्यावा लागतो. पुढल्या वर्षी खाच विरुद्ध अंगास पडते. त्यामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते आणि त्याने किती हंगाम रस दिला ते खाचा मोजून सांगता येते. लोभाने खाच खोल नेली, तर शेंड्याचा कोंब दुखावून झाड मरते. या धंद्यात हात हलका हवा तो याचसाठी.

ताजा रस ही निव्वळ साखरेची गोडी. बंगालमध्ये याच झाडाच्या रसाचा हिवाळी गूळ करतात, व तो मिठाईत मानाने मिरवतो. परंतु हवेतील व मडक्यातील सूक्ष्म किण्व रसात शिरताच साखरेचे मद्य होऊ लागते. परभणीकडे पौष-माघात रात्री चांगल्याच गारठतात, तेव्हा हे काम मंद चालते. फाल्गुनात ऊन तापले की तोच रस काही तासांत फसफसतो. मडक्यास आतून चुना लावला तर आंबणे रोखले जाते, व तिलाच निरा म्हणतात. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही निरा आणि ताडी यांच्या व्याख्या निरनिराळ्या केल्या आहेत.

या झाडाला राजकारणाचीही झळ लागली. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानच्या तिजोरीत आबकारीचा वाटा फार मोठा होता. शिंदीखान्यातील प्रत्येक पेल्यामागे सरकारचा पैसा होता. 1947 च्या ऑगस्टात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला, तेव्हा त्या उत्पन्नावर घाव घालण्यासाठी गावोगावी शिंदीची झाडे तोडण्यात आली. निःशस्त्र प्रजेच्या हाती कुऱ्हाड हे सोपे साधन होते आणि घाव वर्मी बसणारा होता, यात संशय नाही. तथापि झाड पडले की ज्याची चूल विझते, तो शिंदी काढणारा निजाम नव्हता. विजयाच्या इतिहासात त्याला दोन ओळींची जागा मिळावयास हरकत नव्हती. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. तोडलेले झाड पुन्हा रसाला येण्यास मात्र वर्षे लागतात.

आता प्रश्न निराळाच आहे. झाडे विरळ झाली म्हणून पिणारे विरळ होत नाहीत. तेलंगणात, तसेच महाराष्ट्रातील काही शहरांत, पाण्यात क्लोरल हायड्रेट हे झोप आणणारे रसायन मिसळून ते ताडी-शिंदी म्हणून विकल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आणि त्यात माणसे दगावली. खऱ्या शिंदीचा कैफ शेकडा चार-पाच मद्याचा. आणि रस शिळा झाला की आंबट चवच पिणाऱ्याला आवर घालते. या बनावट पेयाला चवीचा असा लगाम नसतो. दारूचे समर्थन कोणीच करू नये. पण झाड तुटले म्हणजे व्यसन तुटले, हा हिशेब चुकीचा आहे.

शहरातल्या घरांत शिंदीचा प्रवेश वेगळ्याच रूपाने होतो. तिची पाने चिरून, बांधून केरसुणी करतात, आणि लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. ज्या झाडाचे नाव घरात उच्चारले जात नाही, त्याचीच पाने त्या रात्री देवापुढे लक्ष्मी म्हणून मांडलेली असतात.