किल्लारीची घरे आणि आम्ही

दर पावसाळ्यात कुठे ना कुठे पूर येतो, दरड कोसळते, आणि आमच्या महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात. "सर, आमच्या चर्चमधून टीम निघते आहे. आम्ही जाऊ का?" मी नाही म्हणत नाही, मात्र जाण्यापूर्वी त्यांना अर्धा तास बसवून घेतो. त्या अर्ध्या तासात मी जे बोलतो, ते यंदा वार्षिकाच्या संपादकांनी लिहून मागितले. म्हणून हा लेख.

१९९३ साली मी प्रथम वर्ष कला शाखेत होतो. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आणि वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही अजून झालेला नव्हता. तो १९९८ साली झाला. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर ही नावे आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकली. बळींची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. १९६७ सालचा कोयनेचा भूकंप यापेक्षा लहान नव्हता. तरी तेथे सुमारे दोनशे माणसे दगावली. मग येथेच एवढी का? पहाटेची वेळ, दाट वस्ती ही कारणे आहेतच. पण मोठे कारण घरांच्या भिंतींत दडलेले होते, आणि ते समजल्याशिवाय पुनर्बांधणीत हात घालण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यातले जुने घर दगडमातीचे. भिंत अडीच-तीन फूट रुंद, पाहताना किल्ल्याची आठवण व्हावी अशी. प्रत्यक्षात मात्र त्या दोन भिंती असतात. एक बाहेरचा पदर, एक आतला पदर, आणि मधल्या पोकळीत गोटे व मातीची भर. दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड बहुधा घातलेले नसत, आणि सांध्यांत चुन्याऐवजी चिखल. वर लाकडी तुळयांवर फळ्या अंथरून त्यावर फूट-दीड फूट मातीचे माळवद. हे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते, म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही; पण गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे माती चढत जाते आणि छताचे ओझे वाढत जाते. जमीन आडवी हलली तेव्हा दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले. बाहेरचा गल्लीत पडला, आतला झोपलेल्या माणसांवर. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांबांवरचे छत तसेच उभे होते आणि खाली भिंतीच नव्हत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. चर्चची टीम कशी निघते हे इतर विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो. रविवारच्या मिस्सानंतर फादर घोषणा करतात, झोळी फिरते, आणि दारात वही घेऊन बसलेला माणूस नावे लिहितो. आमच्या वहीत चौदा नावे होती: दोन गवंडी, एक सुतार, बाकी आम्ही केळीच्या वाडीत राबलेली पोरे. दादरहून रात्रीच्या गाडीने सोलापूर, तिथून ट्रकने नळदुर्गमार्गे उमरगा. तांदूळ, डाळ, सुकी मासळी आमची आम्ही नेली होती.

हे काही आमचे नवे डोके नव्हे. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर पियेर सेरेसोल नावाचा स्विस गृहस्थ मूठभर सोबती घेऊन तेथे आला आणि खेडुतांच्या बरोबरीने घरे उभारू लागला; युद्धाऐवजी श्रमाने सेवा करावी, या विचाराने त्याने १९२० साली फ्रान्समधील एका उद्ध्वस्त गावातून हे काम सुरू केले होते. अमेरिकेत मेनोनाइट पंथाच्या तरुण मंडळींनी १९५० साली असेच पथक काढले. आपल्याकडे कॅरिटास इंडिया आणि कासा या ख्रिस्ती संस्था भूकंपग्रस्त भागात उतरल्या होत्या. आम्ही मात्र कोणत्याच संस्थेचे नव्हतो. उत्साह एवढेच आमचे भांडवल.

त्या उत्साहाने काय केले ते लिहितो. एका गावात आम्हांला ढिगारे उपसून पत्र्याच्या शेडसाठी जागा मोकळी करायची होती. एका आजींच्या घराचा ढीग आम्ही दीड दिवसात साफ केला. दगड एकीकडे, माती दुसरीकडे. लाकूडफाटा मोडकाच दिसत होता, तो आम्ही सामुदायिक स्वयंपाकाच्या चुलीकडे पोचवला. तिसऱ्या दिवशी आजी नातेवाइकांकडून परत आल्या. मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "दार कुठंय लेकरांनो?" सागवानी चौकटीचे दार होते, त्यांच्या सासऱ्यांनी बसवलेले. एक फळी तेवढी फुटली होती. आमच्या सुतारकाकांनी तासाभरात दुरुस्त केले असते. आजी रागावल्या नाहीत. "जाळलंत व्हय," एवढेच म्हणाल्या आणि त्या दिवशी आम्हां सगळ्यांना भाकरी करून वाढली. मला ती गिळवेना.

त्यानंतर सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे उठवून नव्या जागी वसवण्यात आली. घरांचे आकार जमिनीवरून ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. म्हणजे जुनी उच्चनीचता नव्या सिमेंटमध्ये ओतली गेली, असे मला वाटते. रस्ते रुंद, घरे एका ओळीत. पण बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे नकाशा काढणाऱ्याला सुचले नसावे.

याहून कितीतरी मोठे, पण कमी गाजलेले काम दुरुस्तीचे होते. घर न पाडता बळकट करायचे. अशी घरे दोन लाखांच्या आसपास होती. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या आणि घरोघर जाऊन दुरुस्तीचे तंत्र समजावू लागल्या. १९९५ च्या मे महिन्यात आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते याच कामाला. माळवदावरची जास्तीची माती घमेल्यांनी उतरवायची. भिंतीला ठराविक अंतरावर आरपार भोक पाडायचे, तेही ठोकाठोक न करता पहारीने हलक्या हाताने एकेक दगड सोडवत. त्यात आकड्यासारखी वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरतात. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकूड ठोकायचे. हे सारे तिथल्या गवंड्याने आम्हांला शिकवले. आमच्या वसईच्या गवंड्यांनीही मुकाट्याने त्याच्या हाताखाली काम केले.

आमच्या जाण्यायेण्याच्या खर्चात तिथल्या किती मजुरांची रोजी निघाली असती, असा हिशेब आमच्यातल्याच एकाने मांडला. हिशेब बरोबर होता. पैसे पाठवणे पुष्कळदा जास्त शहाणपणाचे असते, हे मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतो. पण मृगाच्या पावसापूर्वी छताचे काम आटोपलेच पाहिजे आणि त्याच दिवसांत गावकऱ्याला शेतीची मशागत असते. ज्या घरात कर्ता पुरुष उरला नाही, तिथे तर घमेले उचलायलाही कोणी नसते. तिथे परके हात उपयोगी पडतात.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मी संमेलनाला गेलो आणि परतताना वाट वाकडी करून त्या आजींच्या गावी, म्हणजे नव्या गावठाणात गेलो. आजी हयात नव्हत्या. नातवाने मिळालेल्या खोल्यांना लागून पत्र्याचा आडोसा काढला होता आणि चूल तिथेच होती. खोलीचे दार लोखंडी पत्र्याचे. मी कोण हे त्याला सांगितले. दाराची हकीकत त्याला ठाऊक होती.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. वसईत झाडे घरांवर कोसळली, कौले आणि पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. त्यात कोरोनाचे निर्बंध. आमच्या चर्चची टीम निघाली तेव्हा मी प्रत्येकाच्या खिशात खडूचा तुकडा दिला. घरात शिरल्यावर कशालाही हात लावायचा नाही. खडू घरधन्याच्या हाती द्यायचा आणि जे राखायचे त्यावर त्यांनीच फुली मारायची. पहिल्याच घरात एका काकांनी फुटक्या कौलांपासून गंजक्या बिजागऱ्यांपर्यंत सगळ्यावर फुल्या मारल्या. पोरे माझ्याकडे पाहू लागली. ते सामान नीट रचून ताडपत्रीखाली ठेवण्यात आमचा सबंध दिवस गेला, आणि त्या दिवशी ठरवलेली पुढची दोन घरे राहूनच गेली.